पाण्याची बाजू

३ नोव्हेंबर

ताई,

तू फोनवर आईला विचारलंस, "त्या दिवशी बाबांनी कानाचं मशीन लावलं होतं का?" आईने फोन माझ्या हातात दिला आणि मी म्हणाले, "लिहून कळवते." आता लिहायला बसले आहे, आणि या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. 'हो' म्हणता येत नाही आणि 'नाही' म्हटलं तर तू त्यातून जे समजशील ते खरं नसेल. तू चिडशील. चिडलीस तरी चालेल. फोनवर मी बोलले नाही, कारण आई सतत शेजारी असते. बाबा गेल्यापासून ती मला एकटीला फोन घेऊ देत नाही.

जेवढं सांगता येतं तेवढं सांगते.

तू गेलीस तेव्हा आपल्या कालव्याच्या काठावरून ट्रॅक्टर जायचे, द्राक्षांचे ट्रक जायचे. आता तिथे मोटारींना बंदी आहे. दोन्ही टोकांना खांब रोवलेत, मधून फक्त सायकल जाते. लांबलांबून माणसं येतात, सायकली भाड्याने घेतात आणि एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला वेली बघत दिवसभर चालवतात. एक कंपनी या सहली काढते. मी तिथे गाइड आहे. कॉलेज संपल्यावर हीच नोकरी धरली, कारण धूर नाही, हॉर्न नाही, कोणाच्या जिवाला धोका नाही अशी वाट आपल्याच दारातून जाते याचा मला अभिमान होता. निघताना मी पाहुण्यांना गोळा करून सांगायचे, "ही वाट वाहनमुक्त आहे. इथे तुम्हाला मागे वळून बघायची गरज नाही." ते वाक्य मी स्वतः रचलं होतं.

त्या सकाळी धुकं होतं. पाहुण्यांना मळ्यांवरचा सूर्योदय बघायचा होता म्हणून आम्ही नेहमीपेक्षा बरंच लवकर निघालो. गाइडने सगळ्यात शेवटी राहायचं असतं, कोणी मागे पडू नये म्हणून. त्यामुळे मला काही दिसलं नाही. आधी घंटी ऐकू आली, मग सायकल आपटल्याचा आवाज, मग पाण्याचा.

एका पाहुणीची धडक बसून बाबा कालव्यात गेले होते. चष्मेवाली, तरुण, कुठल्याशा शाळेत शिकवते. मी पोचले तेव्हा ती वाटेवर गुडघे टेकून ओरडत होती, "आजोबा, हात द्या, हात द्या!" काठाला आता काँक्रीटचं अस्तर आहे आणि त्यावर शेवाळ. बाबांना पोहता येत होतं गं. पण प्रश्न पोहण्याचा नव्हता, वर येण्याचा होता. आम्ही जॅकेटं एकमेकांना बांधून खाली सोडली. त्यांनी एकदा टोक धरलंही. मग त्यांचा हात सुटला की मी बांधलेली गाठ सुटली, ते मला कळलं नाही.

कालव्याच्या खालच्या दरवाजाच्या जाळीपाशी सापडले. पाटबंधारे खात्याच्या नोकरीत असेपर्यंत ती जाळी तेच साफ करायचे, आठवतं ना? पालापाचोळा, बाटल्या, एकदा तर कोणाची खुर्ची.

कंपनीचा फोन आला तर माझं पुढचं पत्र येईपर्यंत काही सांगू नकोस. एवढं ऐक.

तुझी,
धाकटी


१९ नोव्हेंबर

ताई,

पत्र मिळालं. "मी एवढ्या लांबून पाठवलेलं कानाचं मशीन त्यांनी लावलं असतं तर घंटी ऐकू आली असती. माझ्यावरचा राग माझ्या वस्तूवर काढला आणि त्यातच गेले." हे तू लिहिलंस. आईने पाकीट फोडून माझ्या आधी वाचलं आणि घडी घालून परत आत ठेवलं. तिला वाटतं मला कळलं नाही.

माझं पत्र तुला मिळायच्या आधीच कंपनीने तुला गाठलं, हेही कळलं. तू त्यांना लिहून दिलंस की वडिलांना ऐकू येत नव्हतं, मशीन मीच पाठवलं होतं. तुझं काही चुकलं नाही. तुला जे सांगितलं गेलं होतं तेच तू लिहिलंस.

इथे काय झालं ते सांगते. चौकशी लागली आहे. ती पुरी होईपर्यंत वाट बंद आहे. मागच्या आठवड्यात आमचे मॅनेजर घरी आले. घर म्हणजे आपली तीच कालव्यावरची चौकी. पाटबंधारे खात्याने ती आता कंपनीला भाड्याने दिली आहे, बाबा निवृत्त झाल्यावरही आपल्याला राहू दिलं होतं. मॅनेजर वाईट माणूस नाहीत. बूट बाहेर काढून आले.

"मावशी, काकांना ऐकू कमी यायचं, हे तर सगळ्या वस्तीला माहीत आहे."

"हो ना," आई म्हणाली.

सोबत मळ्यावरचा मुकादम आला होता. तो म्हणाला, "कमी? अहो, 'काका, जेवलात का?' विचारायला मला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागायचं. अन् उत्तर काय, तर 'पाऊस नाही यायचा आज'!" आणि हसला, आणि मग हसल्याबद्दल ओशाळला.

"मशीनही होतं म्हणे?" मॅनेजरनी विचारलं.

आई उठली. कपाट उघडलं, पांघरुणांच्या खालून तुझा डबा काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

"अरेरे, सीलसुद्धा फोडलेलं नाही." ते खरंच हळहळले. "म्हणजे कोणाला दोष देण्यासारखं काही नाही बघा. त्या बिचाऱ्या पाहुणीलाही नाही. तिने घंटी वाजवली होती, दोनदा, नियमाप्रमाणे. काकांना ती ऐकू आली नाही. एवढं चौकशीत आलं की वाट उघडेल. वस्तीतल्या किती घरांची चूल त्या वाटेवर आहे, तुम्हाला सांगायला नको. आणि मावशी, तुम्ही इथेच राहायचं. तुम्हाला कोणी उठवणार नाही."

आई म्हणाली, "देवमाणूस आहात."

मग ते माझ्याकडे वळले. "तुझा जबाब तेवढा राहिलाय. तू शिकलेली आहेस, दोन ओळी नीट लिहून दे."

मी दोन ओळी लिहिल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले. ते गेल्यावर आईने डबा परत पांघरुणांखाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझं डोकं दुखायचं थांबलं की लिहून टाक."

ताई, एक विचारते. आपल्या काठावरची घंटीची रीत तुला आठवते का? नुसतं हो किंवा नाही कळव.

तुझी,
धाकटी


२७ नोव्हेंबर

ताई,

तुझा फोनवरचा निरोप वाचला. "आठवते. एक म्हणजे रिकामा, दोन म्हणजे ओझं. का?"

का ते सांगते. तुला आठवतंय म्हणून फार हायसं वाटलं, आणि फार वाईटही वाटलं.

आपण लहान होतो तेव्हा या वाटेवर सायकलवाला धुक्यात मागून आला तर एकदा घंटी वाजवायचा. म्हणजे मी रिकामा आहे, मी पाण्याच्या कडेने जातो, तू वेलींकडे हो. दोनदा वाजवली तर कॅरियरवर क्रेट आहेत, तोल जाईल, पाण्याकडे जाता येत नाही. मी वेलींच्या कडेने जातो, तू पाण्याकडे हो. कोणी वळून बघायचं नाही. वळून बघण्यातच धडक व्हायची. बाबा आपल्याला कडेवर घेऊन काठाने चालायचे आणि मागून दोनदा वाजली की आपल्यासकट पाण्याकडे सरकायचे. तू घाबरून किंचाळायचीस. मी नाही. मला वाटायचं बाबा आहेत म्हणजे पाणी आपल्याला काही करणार नाही.

आता ती रीत कोणाला माहीत नाही. मळ्यात नवी माणसं आली, ती पिकअपने ये-जा करतात. आमच्या कंपनीत पाहुण्यांना सांगतात, "समोर कोणी चालताना दिसलं की दोनदा घंटी वाजवा, नमस्कार केल्यासारखी." फलकावर तसं चित्रही आहे. मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात मॅनेजरना म्हणाले होते, "सर, इथे दोनदा वाजवण्याचा वेगळा अर्थ आहे." ते म्हणाले, "अगं, तो पाळणारं आता उरलंय कोण?" मी म्हणाले, "माझे वडील." ते हसले, "मग वडिलांना सांग, दोनदा म्हणजे आता नमस्कार." मी घरी येऊन सांगितलं.

बाबा म्हणाले, "तुझे पाहुणे असे काय गं, रिकामे फिरतात आणि ओझं असल्याचं सांगतात?"

सहलीची वेळ त्यांना पाठ होती. त्या वेळी ते वाटेवर जायचेच नाहीत. त्या सकाळी आम्ही लवकर निघालो, आणि एवढ्या पहाटे त्या वाटेवर इथलं माणूस सोडून दुसरं कोणी नसतं.

चष्मेवालीने तिच्या जबाबात एक वाक्य लिहिलं आहे. मॅनेजरनी ते आईला वाचून दाखवलं आणि त्यांच्या काही लक्षात आलं नाही. "मी पाण्याच्या कडेने चालले होते. घंटी वाजवली तेव्हा आजोबा वेलींजवळ होते. घंटी वाजल्यावर ते न वळता एकदम माझ्या बाजूला आले." मॅनेजरच्या मते म्हातारा माणूस भांबावला.

ते भांबावले नव्हते ताई. त्यांना दोनदा घंटी ऐकू आली. ओझं घेऊन कोणीतरी येतंय हे त्यांना कळलं आणि त्यांनी त्याला वाट करून दिली.

बाबांना ऐकू येत होतं. त्या दिवशी, आणि त्याच्या आधीही. आता तुझ्या मनात जे आलं असेल, ते लिहायला आज धीर होत नाही.

तुझी,
धाकटी


९ डिसेंबर

ताई,

तुझा फोन येतो तो मी उचलत नाही. आईही उचलत नाही. फोन वाजून वाजून थांबतो आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहतो. आधी हे लिहून होऊ दे.

तू बाबांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेल्यावर पहिल्यांदा फोन केलास आणि म्हणालीस, "बाबांना दे." बाबा समोरच बसले होते. मान हलवून नाही म्हणाले. आई तुला म्हणाली, "अगं, त्यांना हल्ली फोनवर ऐकू येत नाही." तिला त्या क्षणी तेवढंच सुचलं. पुढच्या वेळी तू विचारलंस, "कान दाखवले का?" मग आईला पुढचं रचावं लागलं. तू खोदून खोदून विचारायचीस, तुझा जीवच तसा. मग तुझ्याकडून इथल्या कोणाला काही कळलं तर म्हणून तिने वस्तीतही सांगून ठेवलं. आणि बाबांनी ते चालू दिलं. लोक मोठ्याने बोलायचे, हे मुद्दाम भलतंच उत्तर द्यायचे. मला म्हणायचे, "बहिऱ्यासमोर माणसं काय काय बोलतात! मळ्यातली सगळी भांडणं मला तोंडपाठ आहेत." मुकादमाच्या जेवणाचं त्यांना नीट ऐकू यायचं. पावसाचं उत्तर ही त्यांची गंमत होती.

मग तुझं मशीन आलं. बाबांनी डबा हातात घेतला, त्यावरचं तुझं अक्षर बघितलं आणि आईला म्हणाले, "माझे कान शाबूत आहेत म्हणून कळव तिला." आई म्हणाली, "कळवते." आणि तुला म्हणाली, "वापरतात हो, पण कुरकुरतात." आम्ही दोघींनी मिळून तुला कुरकुरीचे किस्सेही सांगितले. ते मीसुद्धा सांगितले.

तुझा फोन आला की ते रेडिओ लहान करायचे. फोन ठेवला की परत मोठा. याच्यापलीकडे त्यांनी काही केलं नाही. याला तू काय समजायचं ते तुझं तू ठरव. मी त्याला चांगलं नाव देऊन तुझ्याकडे पाठवणार नाही. तसं करून करूनच आपण इथवर आलो.

परवा रात्री मी आईला सांगितलं, "उद्या माझा जबाब आहे. मी खरं सांगणार आहे."

"काय सांगणार? तुझ्या बापाला सगळं ऐकू येत होतं आणि तरी तो पोरीशी एक शब्द बोलला नाही, हे?"

"त्यांनी घंटी ऐकली, हे."

"एकच ते. एक सांगितलं की दुसरं आलंच." ती कपड्यांच्या घड्या घालत होती, बाबांच्याच. "मी काय वाईट केलं गं? तिला वाटलं बापाला ऐकू येत नाही. एवढी वर्षं तिला बरं वाटलं."

"आणि बाबा? त्यांच्या हट्टापायी मेले असं कायमचं लिहून राहणार."

"मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? ती जिवंत आहे. तिला कळलं तर ती माझ्या मयतीलाही यायची नाही."

मी एवढंच म्हणाले, "आई, वाट उघडली की पाहुणे परत दोनदा घंटी वाजवतील. छाटणीवाल्या मावशी अजून त्या वाटेने जातात. त्यांनाही रीत माहीत आहे."

छाटणीवाल्या मावशी म्हणजे वेलींच्या छाटणीला येणाऱ्या, आपल्याला द्राक्षं द्यायच्या त्या. त्या आता वाकल्यात, पण येतात.

काल चौकशी अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, घंटीची गोष्ट छान आहे. पण ती तुम्ही आज सांगताय, आणि सगळी वस्ती म्हणते ते बहिरे होते. तुमची बहीणसुद्धा."

मी म्हणाले, "माझ्याबरोबर काठावर चला. सायकल मी देते."

आले. मावशी कात्री आणि डबा घेऊन आमच्या पुढे वेलींच्या कडेने चालल्या होत्या. धुकं नव्हतं, उन्हं वर आली होती. मी अधिकाऱ्यांना म्हणाले, "मावशींना हाक मारू नका. बरंच मागे राहा आणि दोनदा वाजवा." त्यांनी वाजवली.

मावशी थांबल्या नाहीत, वळल्या नाहीत. चालता चालता पाण्याकडे गेल्या आणि अगदी अस्तराच्या कडेवरून, पाय जपून टाकत, चालत राहिल्या. वेलींची बाजू त्यांनी आमच्यासाठी मोकळी सोडली होती.

अधिकाऱ्यांनी सायकल उभी केली आणि खाली बसले. नंतर त्यांनी मावशींना विचारलं, "आजी, तुम्ही तिकडे का गेलात?" मावशी त्यांच्या रिकाम्या कॅरियरकडे बघून वैतागल्या. "तुम्हीच सांगितलंत ना जा म्हणून! आणि ओझं कुठंय?"

मला मावशींना असं सरकताना बघून बाबांची आठवण झाली नाही, ताई. तुझी झाली. तू गेलीस त्या सकाळची. तुला वाटतं मी झोपले होते. मी कालव्याच्या दरवाजाच्या पायऱ्यांवर बसले होते. तशीच धुक्याची वेळ. तुझ्या कॅरियरवर ट्रंक बांधलेली होती आणि बाबा वाटेच्या मधोमध पाठमोरे उभे होते. तू दोनदा घंटी वाजवलीस. तू मला एकदा म्हणाली होतीस, "त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. कदाचित तेव्हापासूनच ऐकू येत नसेल." तू धुक्यात पुढे बघत होतीस, ट्रंकेचा तोल सांभाळत होतीस. मी बघितलं. त्यांनी ऐकलं, आणि ते पाण्याकडे सरकले. तू वेलींच्या कडेने निघून गेलीस. त्यांनी तुला अडवलं नाही, हाक मारली नाही. वाट दिली.

आई आज म्हणाली, "ताई थंडीत येईन म्हणाली होती ना फोनवर, तेव्हापासून ते रोज पहाटे काठावर जायचे." आईचं आता किती खरं मानायचं, मला माहीत नाही. मी ते तुला पोचवते आहे, खात्री देत नाही.

अधिकारी तुला फोन करतील. तुझा पहिला जबाब बदलावा लागेल. त्यांना मी सांगितलं आहे की माझं पत्र पोचल्याखेरीज करू नका. ते हो म्हणाले.

वाट आता निदान या हंगामात उघडत नाही. कंपनीचं जॅकेट मी परत केलं. मॅनेजर म्हणाले, "तू स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास, आणि आमच्याही." मुकादम माझ्याशी बोलत नाही, पण काल दारावरून जाताना सवयीने मोठ्याने खाकरला, बाबांना ऐकू जावं म्हणून. चौकी महिनाअखेर सोडायची आहे. आईने सामान बांधायला घेतलं आहे. माझ्याशी ती कामापुरतं बोलते.

तुझा डबा अधिकाऱ्यांनी बघून, नोंद करून मला परत दिला. तो आईच्या सामानात मी बांधू दिला नाही. आज दुपारी टपालाने तुझ्याकडे पाठवला, सील होतं तसंच आहे. हे पत्र वेगळं, लवकर जाणाऱ्या टपालाने टाकते आहे, म्हणजे डबा दारात येईल तेव्हा तो कशामुळे उघडला गेला नाही हे तुला माहीत असेल.

तुझी,
धाकटी